वर्कशॉपमधले बॅटरी इंजिन: किती टनांचे घ्यावे, कसे चालवावे, कसे टिकवावे

दुरुस्तीसाठी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आलेला डबा एका वेळी फार तर दोन-तीनशे मीटर हलतो. पिट लाइनवरून, म्हणजे खाली उतरून काम करण्यासाठी खड्डा असलेल्या लाइनवरून, तो लिफ्टिंगच्या शेडमध्ये जातो, तिथे बोगीवरून, म्हणजे चाके बसवलेल्या सांगाड्यावरून, उचलला जातो, पुन्हा बोगीवर बसला की रंगकामाकडे जातो आणि शेवटी तपासणीच्या लाइनवर येतो. या प्रवासात त्याच्या ब्रेकमध्ये हवा नसते, आणि जिथे छतावर माणसे काम करतात त्या भागात वर विजेची तारही नसते किंवा ती बंद ठेवलेली असते. एवढ्याशा हालचालीसाठी १३५० अश्वशक्तीचे आणि सव्वाशे टनांच्या घरातले डब्ल्यूडीएस-६ सारखे डिझेल इंजिन दिवसभर धडधडत ठेवायचे आणि त्याचा धूर बंद शेडमधल्या कामगारांनी गिळायचा, ही व्यवस्था बहुतेक ठिकाणी केवळ सवयीने चालत आलेली आहे. हे काम वीस टनांचे बॅटरीवर चालणारे छोटे इंजिन शांतपणे करू शकते, मात्र ते नीट मोजून निवडलेले असले पाहिजे.

कल्पना नवीन नाही. इंग्लंडमधील नॉर्थ स्टॅफर्डशायर रेल्वेने ओकामूर येथील तांब्याच्या कारखान्यासाठी १९१७ मध्ये चार चाकांचे बॅटरी इंजिन बांधले होते आणि ते आज ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या ताब्यात आहे. आपल्याकडे पश्चिम मध्य रेल्वेच्या जबलपूर विभागाने २०२० मध्ये तारेवरची वीज आणि बॅटरी या दोन्हींवर चालणारे ‘नवदूत’ हे शंटिंगचे, म्हणजे आवारात डबे इकडून तिकडे हलवण्याचे, इंजिन तयार केले. या लेखात मात्र त्याहून लहान, फक्त बॅटरीवर चालणाऱ्या आणि वर्कशॉप किंवा कारशेडच्या आवाराबाहेर न जाणाऱ्या इंजिनाचाच विचार केला आहे.

असे इंजिन घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न हमखास विचारला जातो तो ‘किती अश्वशक्तीचे घ्यावे?’ असा. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. पाच किलोमीटरच्या वेगाने चालणाऱ्या इंजिनाला शक्ती फारच थोडी लागते. त्याची खरी कसोटी उभा असलेला भार जागेवरून हलवण्यात आणि हललेला भार थांबवण्यात लागते, आणि या दोन्ही गोष्टी इंजिनाच्या वजनावर व रुळाच्या स्थितीवर ठरतात.

आधी आवार पायी फिरून मोजा

पहिले काम कागदावरचे नाही. लेव्हल, टेप आणि वही घेऊन ज्या ज्या लाइनवर हे इंजिन जाणार आहे ती प्रत्येक लाइन चालून पाहावी आणि सर्वांत वाईट जागा शोधावी. चढ किती आहे हे जुन्या नकाशावरून ठरवू नये, कारण गिट्टी खचते, शेडच्या दाराशी काँक्रीटचा थर चढतो आणि नकाशात सपाट दाखवलेली लाइन प्रत्यक्षात सपाट राहत नाही. आपल्याकडील स्टेशन यार्डांसाठी १:४०० (चारशे मीटरला एक मीटर) ही चढाची कमाल मर्यादा आणि १:१२०० हे इष्ट प्रमाण मानले जाते. वर्कशॉपच्या आत याहून तीव्र तुकडा सापडला तर त्याची वेगळी नोंद करावी.

वळणांची त्रिज्या मोजावी. ब्रॉडगेजवर वळणाचे अंश काढायचे असतील तर १७५० या संख्येला मीटरमधील त्रिज्येने भागावे. म्हणजे २१९ मीटर त्रिज्येचे वळण साधारण आठ अंशांचे होते. पिट लाइनवर रूळ खांबांवर उभे असतात, तेव्हा त्या खांबांना इंजिनाचा एक्सल लोड, म्हणजे एका धुरीवरचे वजन, पेलेल का हे सिव्हिलच्या लोकांकडून लेखी घ्यावे. ट्रॅव्हर्सर, म्हणजे डबा एका लाइनवरून दुसऱ्या समांतर लाइनवर आडवा सरकवणारा फलाट, असेल तर त्याची लांबी आणि क्षमताही पाहावी. लांब डबा ट्रॅव्हर्सरवर चढवल्यावर इंजिनासाठी जागा उरते की इंजिनाला बाहेरूनच ढकलून थांबावे लागते, यावर इंजिनाची लांबी आणि डब्याला जोडणाऱ्या कपलिंगची रचना अवलंबून असते. आणि जिथे तेल गळते, जिथे डबे धुतले जातात, जिथे छप्पर संपून पावसाचे पाणी थेट रुळावर पडते, त्या जागा खडूने खुणावून ठेवाव्यात. पुढच्या हिशेबात त्यांनाच सर्वाधिक महत्त्व आहे.

वजनाचा हिशेब

उदाहरण म्हणून प्रत्येकी ४० टनांचे चार रिकामे डबे, म्हणजे १६० टन, एकदम हलवायचे आहेत असे धरू. इंजिन २० टनांचे असेल तर एकूण भार १८० टन होतो. आता सर्वांत वाईट जागी, म्हणजे १:४०० च्या चढावर आठ अंशांच्या वळणात, हा भार उभा आहे आणि तो तिथूनच सुरू करायचा आहे अशी कल्पना करावी.

रोलर बेअरिंगचा डबा एकदा चालू लागला की दर टनाला सुमारे दोन किलोच्या जोराने चालत राहतो. पण बराच वेळ उभा असलेला डबा हलवायला त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर लागतो, तेव्हा सुरुवातीसाठी दर टनाला सहा किलो धरणे शहाणपणाचे. १:४०० च्या चढाचे दर टनाला अडीच किलो. वळणासाठी दर अंशाला दर टनामागे ०.४ किलो, म्हणजे आठ अंशांना ३.२ किलो. बेरीज ११.७ किलो. तिला १८० ने गुणले की सुमारे २,१०० किलो, म्हणजे २.१ टनांची ओढ लागेल असे उत्तर येते.

एवढी ओढ इंजिनाची चाके न घसरता देऊ शकतील का? कोरड्या, स्वच्छ रुळावर चाक आपल्यावरील वजनाच्या साधारण पाव पट ओढ देते, म्हणजे २० टनांचे इंजिन पाच टन ओढेल आणि प्रश्नच मिटेल. खरेदीची पत्रके बहुधा याच आकड्यावर छापलेली असतात. पण ओल्या, तेलकट रुळावर हे प्रमाण ०.१२ पर्यंत उतरते आणि तेव्हा त्याच इंजिनाकडून २.४ टनच मिळतात. आपली गरज २.१ टनांची असल्यामुळे काम थोडक्यात निभावते. हेच इंजिन १५ टनांचे घेतले असते तर ओढीची गरज जवळपास तेवढीच, म्हणजे दोन टनांहून थोडी अधिक राहिली असती आणि ओल्या रुळावरची ओढ मात्र १.८ टनांवर थांबली असती. चाके जागच्या जागी फिरली असती, डबे तसूभरही हलले नसते, आणि मोटर कितीही मोठी असती तरी काही फरक पडला नसता.

कोकण आणि मुंबईकडच्या वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. धो धो पाऊस रूळ धुऊन काढतो. घात होतो तो पहिल्या रिमझिमीने, कारण तेव्हा रुळावरचे तेल, धूळ आणि गंज यांचा पातळ लेप तयार होतो. त्यावर वाळू टाकणे हा जुना उपाय आहे, परंतु पिट लाइनवर आणि लाइन बदलणाऱ्या पॉइंट्सच्या सरकत्या जिभांवर वाळू पडू देऊ नये, आणि उघडी बेअरिंगे व गिअर मांडून ठेवलेल्या शेडमध्ये तर वाळूला थाराच देऊ नये. तिथे रूळ पुसून घेणे हेच बरे.

रबरी टायरवर चालणारी आणि रुळावरून घसरू नये म्हणून लहान लोखंडी मार्गदर्शक चाके असलेली यंत्रेही मिळतात. पोलादावर रबराची पकड पोलादी चाकापेक्षा बरीच जास्त असल्याने ती कमी वजनात काम भागवतात, शिवाय लेव्हल क्रॉसिंगसारख्या सपाट जागी रूळ सोडून दुसऱ्या लाइनवर जाऊ शकतात. अमेरिकेतील ट्रॅकमोबाइलच्या यंत्रांमध्ये आणखी एक युक्ती असते. ती कपलर वर उचलून शेजारच्या वॅगनचे काही वजन स्वतःवर घेतात आणि तेवढी पकड वाढवतात. आपल्या जुन्या डब्यांना बफर आणि स्क्रू कपलिंग असते, त्यांच्यासाठी ही युक्ती उपयोगाची नाही. मात्र अनेक समांतर लाइनी असलेल्या कारशेडमध्ये रबरी टायरच्या यंत्राचा विचार जरूर करावा.

मोटर आणि बॅटरी

वजन ठरले की शक्तीचे गणित दोन ओळींत सुटते. २.१ टनांची ओढ ताशी पाच किलोमीटर वेगाने द्यायची तर चाकांवर सुमारे २९ किलोवॉट लागतात, आणि तेही त्या वाईट जागेतून सुटण्यापुरते. सपाट, सरळ लाइनवर हाच भार त्याच वेगाने न्यायला पाच किलोवॉट पुरतात. मोटर निवडताना तिची कमाल शक्ती पाहण्याऐवजी ती जवळजवळ शून्य वेगाला पूर्ण ओढ किती वेळ देऊ शकते हे विचारावे. जुन्या डीसी सिरीज मोटरमध्ये चाके न फिरता प्रवाह वाहत राहिला तर कम्युटेटरची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या कड्याची, एकच जागा जळते. आताच्या थ्री-फेज मोटरमध्ये तो धोका नाही, पण मोटरची वीज कमी-जास्त करणारा कंट्रोलर तापून स्वतःच बंद पडतो आणि भार चढावर अडकून राहतो.

बॅटरीची क्षमता दिवसभराच्या कामावरून काढावी. १८० टनांचा भार सरासरी दर टनाला तीन किलोच्या ओढीने ३०० मीटर नेण्यास ०.४४ युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा लागते. मोटर, गिअर आणि कंट्रोलरमधील तूट धरून ती ०.६३ युनिट होते. दिवसाला अशा ३० फेऱ्या म्हणजे १९ युनिट. परतीच्या मोकळ्या फेऱ्या, कॉम्प्रेसर, दिवे, कठीण जागांवरील जादा ओढ आणि डबा दोन हात पुढे, एक हात मागे असा बसवण्याचा खेळ यांसाठी मी हा आकडा सरळ दुप्पट करतो, म्हणजे ४० युनिट धरतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी ८० टक्क्यांपेक्षा जास्त रिकामी करायची नसते, आणि आयुष्याच्या अखेरीस तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आलेली असते, म्हणून ४० ला ०.८ ने दोनदा भागावे. उत्तर साडेबासष्ट युनिट येते. दोन व्होल्टच्या चाळीस सेलची, म्हणजे ८० व्होल्ट आणि ८०० अँपिअर-तासांची बॅटरी ६४ युनिटांची असते, ती इथे बरोबर बसते. ८० व्होल्टची बॅटरी मोठ्या फोर्कलिफ्टमध्ये सर्रास वापरली जात असल्याने तिचे सेल, चार्जर आणि तिची देखभाल जाणणारे कारागीर पिंपरी-चिंचवड किंवा बुटीबोरीसारख्या औद्योगिक भागांत मिळू शकतात. केवळ एका कंपनीकडेच मिळणाऱ्या वेगळ्या व्होल्टेजच्या बॅटरीपेक्षा हा फायदा मला मोठा वाटतो.

ब्रेक लावताना ऊर्जा बॅटरीत परत जाते या गुणाची जाहिरात फार होते. १८० टनांचा भार पाच किलोमीटरच्या वेगात असताना त्याच्यात साठलेली गतिज ऊर्जा जेमतेम ०.०५ युनिट असते, तेव्हा विजेच्या बचतीसाठी त्याचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. ब्रेक ब्लॉक कमी झिजतात, एवढाच त्याचा लाभ. उलट एक सावधगिरी बाळगावी लागते. सकाळी चार्जरवरून काढलेली पूर्ण भरलेली बॅटरी ही परत आलेली वीज स्वीकारू शकत नाही, आणि काही इंजिनांत त्या वेळी मोटरचा ब्रेक कमी लागतो. म्हणून दिवसाची पहिली उताराची फेरी हवेच्या ब्रेकवर विसंबूनच करावी.

लेड-अ‍ॅसिड की लिथियम या वादात वर्कशॉपच्या इंजिनाचे उत्तर मोटारगाडीपेक्षा वेगळे येते. ६४ युनिटांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी सुमारे दोन टन भरते. मोटारीत हे ओझे ठरले असते, पण आपल्या इंजिनाला वजन हवेच आहे. हलकी लिथियम बॅटरी बसवली तर रिकामी झालेली जागा लोखंडी ठोकळ्यांनी भरावी लागते. एकाच पाळीत काम संपते, रात्र चार्जिंगला मोकळी आहे आणि पाणी घालायला नेमलेला माणूस आहे, अशा ठिकाणी मी आजही लेड-अ‍ॅसिडच घेईन. दोन किंवा तीन पाळ्या चालत असतील, जेवणाच्या सुट्टीत थोडे थोडे चार्जिंग करायचे असेल, तर लिथियम आयर्न फॉस्फेटला पर्याय नाही, कारण अर्धवट चार्जिंग तिला चालते आणि लेड-अ‍ॅसिडला ते मानवत नाही. अमेरिकेच्या नॉरफोक सदर्न रेल्वेने २००९ मध्ये १५०० अश्वशक्तीचे ९९९ क्रमांकाचे बॅटरी इंजिन बांधले तेव्हा त्यात १२ व्होल्टच्या १०८० लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या बसवल्या होत्या. एवढा मोठा ताफा एकसारखा राखणे किती कठीण असेल, याची कल्पना चाळीस सेलच्या एका बॅटरीची निगा राखणाऱ्याला सहज येईल.

थांबवण्याचा हिशेब

वर्कशॉपमधल्या डब्यांचे ब्रेक बहुधा सुटे किंवा निकामी असतात, त्यामुळे सगळा भार एकट्या इंजिनाच्या ब्रेकवर थांबतो. ओल्या रुळावर वीस टनांच्या इंजिनाचा ब्रेकही २.४ टनांहून जास्त जोर लावू शकत नाही. तेवढ्या जोरावर १८० टनांचा भार सपाट लाइनवर पाच किलोमीटरच्या वेगातून थांबायला सुमारे साडेसात मीटर लागतात, १:४०० च्या उतारावर नऊ मीटर. वेग दहा किलोमीटर असेल तर हे अंतर चौपट, म्हणजे सपाटीवरही तीस मीटरच्या आसपास जाते. चालकाला भान येऊन हात हलेपर्यंत जाणारा सेकंद यात धरलेला नाही. भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांनुसार शंटिंगची वेगमर्यादा ताशी १५ किलोमीटर आहे, पण ब्रेक नसलेल्या डब्यांसह शेडमध्ये पाच आणि डब्याला डबा लावताना माणसाच्या संथ चालीइतका वेग हीच मर्यादा स्थानिक आदेशात लिहून घ्यावी. शक्य असेल तर कंट्रोलरमध्येच ती बसवून टाकावी, म्हणजे घाईच्या दिवशी कोणाच्या मर्जीवर ती राहणार नाही.

इंजिनाला तीन वेगवेगळे ब्रेक हवेत: मोटरचा, हवेचा, आणि हवा व वीज दोन्ही गेल्यावर आपोआप लागणारा स्प्रिंगचा. रिमोटवर चालणारे इंजिन असेल तर चालक रुळाला अडखळून पडला, रिमोट आडवा झाला किंवा रेडिओचा संपर्क तुटला की इंजिन थांबलेच पाहिजे. ही चाचणी खरेदीच्या वेळी आणि त्यानंतर दर महिन्याला करावी.

रोजचे चालवणे

पाळीच्या सुरुवातीला बॅटरीचे व्होल्टेज, हवेचा दाब, भोंगा, दिवे आणि तिन्ही ब्रेक तपासावेत. बॅटरी इंजिन जवळजवळ आवाज करीत नाही, आणि हीच त्याची सर्वांत धोकादायक बाजू आहे. डिझेल इंजिन येते आहे हे डब्याखाली वाकलेल्या फिटरला पाठीमागूनही कळते. या इंजिनाचे कळत नाही. म्हणून चालताना सतत वाजणारी घंटा आणि फिरता दिवा कधीही बंद ठेवू नये, आणि ‘त्रास होतो’ म्हणून कोणी घंटेत चिंधी कोंबली असेल तर ती काढून टाकावी.

डबा हलवण्यापूर्वी पॉइंट्समनने (लाइन बदलणाऱ्या व डबे जोडणाऱ्या कर्मचाऱ्याने) दोन्ही बाजूंनी चालत जाऊन डब्याखाली कोणी नाही, चार्जिंगची किंवा वेल्डिंगची केबल जोडलेली नाही, हँडब्रेक सुटला आहे आणि चाकांखालचे लाकडी गुटके काढले आहेत, हे पाहावे. गुटका राहून गेला तर इंजिन जोर लावत राहते आणि चालकाला तो चढाचाच भार वाटतो. नंतर एका डब्याइतक्या अंतरावर इंजिन पूर्ण थांबवून, इशारा मिळाल्यावरच कपलिंगला जावे. स्क्रू कपलिंग लावायला माणूस मध्ये शिरलेला असेपर्यंत चालकाने कंट्रोलर शून्यावर ठेवून किल्ली हातात घ्यावी.

सुरुवात करताना हँडल हळूहळू पुढे न्यावे. कपलिंगमध्ये थोडी ढील असेल तर डबे एकेक करून हलतात आणि सुरुवातीचा जोर कमी लागतो. बॅटरी इंजिनाला हा फायदा मोठा आहे, तेव्हा शंटिंगपुरते कपलिंग अगदी घट्ट आवळू नये. चाक घसरू लागले तर हँडल मागे घेऊन पुन्हा सुरुवात करावी. जागेवर फिरणारे चाक रुळाला खड्डा पाडते, आणि पुढच्या वेळी इंजिन नेमके त्याच खड्ड्यात अडते. काम झाल्यावर आधी डब्याला गुटके लावावेत, हँडब्रेक असल्यास तो बांधावा, मगच कपलिंग सोडावे. हा क्रम उलटा झाला की डबा एकटाच निघतो.

चार्जिंग आणि निगा

लेड-अ‍ॅसिड बॅटरी पाळी संपल्यावर, रोज एकदाच, पूर्ण चार्ज करावी. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात, सेलचे व्होल्टेज २.४ च्या आसपास गेले की हायड्रोजन सुटू लागतो, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने भडकतो. हायड्रोजन वर चढतो, म्हणून चार्जिंगच्या जागेचा पंखा आणि झरोका छताला लागून हवा, खिडकीच्या उंचीवर असून उपयोग नाही. बॅटरीच्या पेटीचे झाकण उघडे ठेवावे, चार्जर बंद केल्याशिवाय प्लग ओढू नये, आणि पाना घेऊन काम करणाऱ्याने हातातले कडे, अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. चाळीस सेलच्या बॅटरीवर पडलेला पाना क्षणात लालभडक होतो. डोळे धुण्यासाठी नळ जवळच असावा.

पाणी फक्त डिस्टिल्ड घालावे आणि ते चार्जिंगनंतर घालावे. आधी भरलेले पाणी गॅसबरोबर फुगून बाहेर येते आणि सोबत आम्लही नेते, मग पेटीला गंज लागतो आणि बॅटरीतून इंजिनाच्या सांगाड्याकडे गळती सुरू होते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या झाकण्यापुरते पाणी आधी घालणे भाग असते. दर आठवड्याला चार-पाच ठरलेल्या सेलचे आणि महिन्यातून एकदा सर्व चाळीस सेलमधल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता) हायड्रोमीटरने मोजून वहीत लिहावे. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये ते साधारण १.२८ असते. एखादा सेल सतत मागे राहत असेल तर आधी इक्वलायझिंग चार्ज, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणारा जादा चार्ज, द्यावा, आणि तरीही तो वर आला नाही तर तेवढा सेल बदलावा. तो तसाच ठेवला तर सगळ्या बॅटरीचे काम त्या एका सेलपाशी अडते.

उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली बॅटरीचे तापमान सहज वाढते, आणि दर दहा अंशांच्या वाढीमागे तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते असा ठोकताळा आहे. म्हणून चार्जिंग रात्री करावे आणि पहाटे दोन-तीन तास बॅटरी निवायला मिळतील अशी वेळ लावावी. लिथियमच्या बॅटरीला पाणी किंवा हायड्रोमीटर लागत नाही. तिथे बीएमएसने, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने, दाखवलेल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त सेलच्या व्होल्टेजमधील फरक दर आठवड्याला लिहून ठेवावा, आणि तो वाढत गेला तर पुरवठादाराला वॉरंटी संपण्याआधी कळवावे.

ताब्यात घेताना

चाचणी पुरवठादाराने निवडलेल्या सपाट लाइनवर, दुपारच्या उन्हात घेऊ नये. आवारात खडूने खूण केलेल्या त्या सर्वांत वाईट जागी, रुळावर पाणी शिंपडून, ठरलेल्या पूर्ण भारासह इंजिन तीन वेळा थांबवून तीन वेळा सुरू करायला लावावे. तोच भार उतारावर ठरलेल्या वेगातून थांबवून अंतर टेपने मोजावे. त्यानंतर एक अख्खी पाळी नेहमीच्या चालकाकडून नेहमीचे काम करून घ्यावे आणि पाळीच्या शेवटी बॅटरीत किती चार्ज उरला ते पाहावे. नवीन बॅटरीत तो ३५ टक्क्यांपेक्षा कमी उरला तर तीन-चार वर्षांनी तीच पाळी पुरी होणार नाही, तेव्हा मोठी बॅटरी त्याच वेळी मागून घ्यावी.